कथा कोण सांगतंय?

कथालेखनाच्या शिबिरात पहिला प्रश्न ठरलेला असतो. 'विषय कुठून आणायचा?' शिबिर सांगलीत असो, लातूरला असो की अकोल्याला, पहिल्या चहाच्या आत कुणीतरी हे विचारतंच. मी लगेच उत्तर देत नाही. वह्या मिटायला सांगते आणि गेल्या महिन्याभरात घरात, शेजारी, गावात काय काय घडलं ते एकमेकांना सांगायला लावते. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलेली आजी, जिच्या अंगठ्याचा ठसा यंत्र घेतच नाही. सोयरीक मोडल्यावर साखरपुड्यातली अंगठी परत मागायला निघालेला मामा. बोअरला पाण्याचा थेंब लागला नाही, तरी मशीनवाल्या पोरांना पोटभर जेवू घालणारी बाई. अर्ध्या तासात फळा भरतो. विषयांना आपल्याकडे कधीच तोटा नव्हता.

मग मी विचारते, या गोष्टी सांगणार कोण? आजीची गोष्ट आजी सांगणार, की काउंटरमागचा कारकून, की तिला गाडीवर बसवून घेऊन गेलेला नातू? इथे वर्ग गप्प होतो. इतकी वर्षं कथा लिहून, आणि त्याहून जास्त दुसऱ्यांच्या कथा वाचून, माझं एक मत पक्कं झालं आहे. कथेचं भलंबुरं या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. भाषा, लांबी, प्रसंगांचा क्रम, शेवट, सगळं त्याच्या मागून येतं.

एका दिवाळी अंकाच्या कथाविभागाचं काम मी पाहते. जून-जुलैत निमंत्रणाची पत्रं जातात, ऑगस्ट सरेपर्यंत कथा येत राहतात आणि गणपती बसले की निवड आणि मुद्रितं एकदमच अंगावर येतात. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथा आणि दिवाळी यांची सांगड बसली. मासिकं एकेक करून बंद पडत गेली, 'सत्यकथा'सुद्धा 1982 मध्ये थांबली, तशी ही सांगड आणखी पक्की झाली. नवं लिहिणाऱ्याला आज बऱ्याच अंशी हाच एक दरवाजा उरला आहे. म्हणून आलेली प्रत्येक कथा मी शेवटपर्यंत वाचते. साभार परत जाणाऱ्या कथांतही विषय सहसा चांगले असतात, कळकळ खरी असते. अडतं ते दुसरीकडे. पहिल्या पानावर आपण सुनेच्या मनात असतो, दुसऱ्यावर सासूच्या, तिसऱ्यावर लेखक स्वतः पुढे येऊन दोघींची मानसिकता समजावून सांगतो. कुणाच्या शेजारी बसून हे बघायचं, ते वाचकाला कळत नाही. मग त्याला कुणाचंच दुःख पुरतं लागत नाही.

मराठीत लिहिणाऱ्याला तर हा निर्णय पहिल्याच वाक्यात घ्यावा लागतो, कारण आपलं क्रियापद तो लपवू देत नाही. 'मी दार उघडलं' म्हटलं तर सांगणारा पुरुष की बाई हे झाकलेलं राहतं. 'मी आत गेले' म्हटलं की लगेच कळतं. त्यातही सांगली-कोल्हापूरकडच्या बायका 'मी जातो', 'मी येतो' असंच बोलतात. तिथल्या बाईला निवेदक करायचं ठरवलं, तर तिच्या तोंडचं 'जातो' तसंच ठेवायचं आणि ती बाई आहे हे दुसऱ्या खुणांनी दाखवायचं, ही लेखकाची जबाबदारी. पुण्या-मुंबईच्या वाचकाचा घोटाळा होईल म्हणून तिला 'जाते' म्हणायला लावलं, की ती बाई त्या मुलखाची उरत नाही.

आदरार्थी रूपांचं तर याहून नाजूक आहे. एक कथा आली होती. सांगणारा तटस्थ, सर्वज्ञ, घरातल्या कुणाचाही नातलग नव्हे. तरी त्याच्या वाक्यांत वाड्याचे मालक 'म्हणाले', त्यांची पत्नी 'म्हणाल्या' आणि चाळीस वर्षं त्याच वाड्यात राबलेला, मालकांहून वयाने मोठा असलेला गडी मात्र 'म्हणाला'. कथेचा विषय त्या गड्यावर झालेला अन्याय हाच होता. मी लेखकाला फोन केला आणि एवढंच विचारलं, 'हा सांगणारा वाड्याच्या आतला आहे का हो?' तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, 'कळलं.' नंतर त्याने गड्याच्या नातीला सांगायला लावलं. नातीच्या तोंडी आजा 'म्हणाला'च राहिला, पण आता तो एकेरी मायेचा होता. मालक मात्र 'म्हणाले'च, कारण तिला लहानपणापासून तसंच शिकवलेलं. तीच क्रियापदं, पण कोण कुणाला काय म्हणतं याच्यामागे आता एक माणूस उभं होतं. ती कथा आम्ही छापली.

माझ्या स्वतःच्या लिखाणातलं एक काम सांगते, कारण या प्रश्नाची खरी ताकद मला त्यात कळली. विषय जुनाच, भावाभावांची वाटणी. साताऱ्याकडच्या एका गावातलं घर, थोरल्या-धाकट्याचं पटेनासं झालेलं, आणि माजघराच्या मधून भिंत घालायचं ठरलेलं. आधी मी धाकट्या जावेला सांगायला लावलं. तिचा आवाज मला छान ऐकू येत होता, पण चार पानांत लक्षात आलं की तिच्याकडे सांगण्यासारखं फक्त गाऱ्हाणं आहे. ती बोलायला लागली की थोरली जाऊ आपोआप दुष्ट होत होती. थोरल्या भावाच्या तोंडून लिहिलं, तर दाव्यातली कैफियत झाली. शहरात राहणाऱ्या बहिणीकडून लिहून पाहिलं, तर माहेर तुटल्याचा हळवेपणा सगळीकडे पसरला. प्रत्येकजण खरंच सांगत होता, पण प्रत्येकाला आधीच ठाऊक होतं की चूक कुणाची.

त्याच सुमारास आमच्या गल्लीत एक बांधकाम चालू होतं. मिस्त्री दुपारी जेवणानंतर विटांच्या थप्पीला टेकून बसायचे, तेव्हा मी त्यांच्याशी बोलायला लागले. मला हवी होती ती भिंतीची माहिती. चार इंची घालायची की नऊ इंची, यावरून घराघरांत भांडणं होतात, हे त्यांनी सांगितलं. नऊ इंची मजबूत, पण ती जागा खाते. ती जागा कुणाच्या हिश्श्यातून जाणार? मधोमध आखणी धरली तरी मोजताना दोघं जण टेपाच्या दोन टोकांना उभे राहतात. गिलावा दोन्ही बाजूंनी करायचा, तर त्याचा खर्च कुणी द्यायचा? नळाची जोडणी एकाच बाजूला राहिली, तर दुसऱ्याने नवी कधी घ्यायची? आणि सगळ्यात अवघड प्रश्न मिस्त्रीलाच विचारावा लागतो: 'मधी दार ठिवायचं का?'

तो प्रश्न ऐकला आणि माझा सांगणारा मला मिळाला. भिंत बांधायला आलेला मिस्त्री. त्याला घराण्याचा इतिहास माहीत नाही, कोण बरोबर याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. त्याला काम संपवून हजेरी घ्यायची आहे, आणि पुढचं काम दुसऱ्या गावी वाट बघतंय. पण तो दिवसभर त्या माजघरात आहे. त्याच्यासाठी चहा दोन्ही चुलींवरून येतो आणि दोन्हीकडचा त्याला प्यावा लागतो. एका बाजूच्या कपात साखर जास्त, दुसरीकडच्यात आलं. भिंत कमरेएवढी होते तोवर दोन्हीकडची पोरं तिच्यावरून उड्या मारतात. खांद्याएवढी झाली की जावा एकमेकींशी बोलायच्या थांबतात, कारण आता बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. दाराचा प्रश्न तो दोघा भावांना विचारतो. दोघंही खाली बघतात. उत्तर आतून म्हातारीचं येतं, आणि ते तिसऱ्याच गोष्टीबद्दल असतं: 'मिस्त्री, जेवून घ्या आधी.'

कथा निम्म्याहून लहान झाली. मिस्त्रीला ठाऊक नसलेलं सगळं आपोआप गळून गेलं: वडिलांचं मृत्युपत्र, थोरल्याचं कर्ज, धाकटीच्या माहेरची टोचणी. मी काही कापलं नाही. सांगणाराच बदलला होता. शेवटही त्यानेच दिला. धाकटा आपल्या बाजूच्या गिलाव्याचे पैसे देतो, थोरला देत नाही. मिस्त्री एका बाजूचा गिलावा करतो, हत्यारं धुतो आणि संध्याकाळच्या एसटीने जातो. एकीकडे गुळगुळीत भिंत, दुसरीकडे उघड्या विटा. दोष कुणाचा, हे कथा सांगत नाही, कारण सांगणाऱ्याला ते ठाऊक नाही. वाचक मात्र आपापल्या घरच्या भिंतीपाशी जाऊन पोहोचतात. या कथेवर आलेल्या पत्रांत लोकांनी मला त्यांच्या घरांबद्दल लिहिलं होतं.

कथेची लांबी कशी आवरायची, हे शिबिरात फार विचारलं जातं. माझा अनुभव असा, की सांगणाऱ्याला काय माहीत नाही याची यादी आधी केली, तर कापाकापीची वेळ कमी येते. सगळं जाणणारा निवेदक पाच पिढ्यांत फिरून येऊ शकतो आणि मग दिवाळी अंकाच्या पानांत मावत नाही. मर्यादित माणूस सांगायला बसला, की कथेला आपोआप काठ मिळतात.

हे आपल्या मोठ्या कथाकारांकडे बघितलं की स्वच्छ दिसतं. भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' शाळेच्या पुस्तकातून कितीतरी जणांनी वाचली आहे. टोमॅटोला बाजारात भाव मिळत नाही आणि अखेर बाप ते पायाखाली तुडवतो. सांगणारा त्याचा शाळकरी मुलगा आहे. त्याला बाजारभावाचं अर्थशास्त्र ठाऊक नाही. त्याला बापाचा चेहरा दिसतो, गिऱ्हाइकांची घासाघीस ऐकू येते आणि शेवटी बापाचे पाय दिसतात. हीच घटना शेतीचा जाणकार सांगता, तर वर्तमानपत्रातला चांगला लेख झाला असता. मुलाच्या डोळ्यांमुळे तो बाप आपलाच होतो.

बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह 1963 साली आला. शीर्षककथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परगावी राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो, आणि ती कळल्यावर मार खातो. 'मी' हा निवेदक तिथे सोय म्हणून आलेला नाही. तोवरच्या मराठी कथेत अशा माणसाबद्दल कुणीतरी दुसराच बोलत होता, कधी कळवळ्याने, कधी लांबून. बागुलांनी सांगण्याचा हक्कच त्याच्या हाती दिला. कथा कोण सांगणार, हा प्रश्न कसबापुरता नाही, न्यायाचाही आहे, हे त्या एका सर्वनामाने मला शिकवलं.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मधला 'मी' अगदी वेगळा. 1949 सालच्या या पुस्तकातला निवेदक गावचाच आहे, पण मध्ये मध्ये येत नाही. तो बघतो, ऐकतो आणि बाजूला होतो. त्याला माणसाबद्दल वाईट वाटलं, तर ते वाटणं तो शब्दांत मांडत बसत नाही. समोरच्याचं धोतर कसं होतं, तो काय खात होता, हे सांगतो. वाचकाच्या मनात कालवाकालव व्हायला तेवढं पुरतं. नवं लिहिणाऱ्यांना मी हे पुस्तक सारांशासाठी वाचू नका म्हणते. 'मी' कोणत्या वाक्यात गप्प बसला, तेवढ्या जागांवर खूण करा, असं सांगते.

यातूनच बोलीचा प्रश्न येतो. बराच काळ आपल्याकडे रीत होती की संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत. ती रीत वाईट नव्हती. तिच्यातून उत्तम कथा आल्या आहेत. पण तिच्यात एक अंतर गृहीत धरलेलं असतं: माणसं गावची, सांगणारा शहरात शिकलेला. आनंद यादवांनी 1971 साली 'गोतावळा' कादंबरीत सगळं निवेदनच बोलीत केलं, कारण सांगणारा शेतावर राबणारा नारबा होता. त्याच्या डोक्यात प्रमाण मराठी येणार कुठून? पुढे जयंत पवारांच्या कथेत मुंबईच्या गिरणगावाची बोली नुसती बोलली जात नाही, ती कथा चालवते. मिस्त्रीची कथा लिहिताना मी हाच विचार केला. मिस्त्री स्वतः सांगणार असेल, तर कागदावरचं प्रत्येक वाक्य त्याच्या तोंडात बसलं पाहिजे. 'ओळंबा', 'दोरी', 'थापी', 'माल' हे शब्द त्याला समजावून सांगायची गरज वाटणार नाही, म्हणून मीही ते समजावले नाहीत. 'अंतर्मुख', 'घुसमट', 'नात्यांची वीण' हे शब्द त्याच्याकडे नाहीत, म्हणून ते मलाही वापरता आले नाहीत. लिहिणाऱ्याला याहून चांगली शिस्त दुसरी कुणी लावू शकत नाही.

सांगणारा खरा आहे की नाही, हे कळायला एक साधा उपाय आहे. कथा मोठ्याने वाचायची. माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी महाराष्ट्रभर कथाकथनाचे कार्यक्रम केले, आणि लोक तिकीट काढून कथा ऐकायला येत. समोर बसलेला माणूस पान मागे उलटू शकत नाही. त्याचं लक्ष एकदा गेलं की गेलं. त्यामुळे ऐकवायच्या कथेत फसवं वाक्य टिकत नाही. मी कथा पूर्ण झाली की घरात कुणाला तरी वाचून दाखवते, कुणी नसेल तर रिकाम्या खोलीत वाचते. जिथे माझी जीभ अडखळते, तिथे बहुधा सांगणारा दूर झालेला असतो आणि मी लेखिका म्हणून बोलायला लागलेली असते. तिथे पेन्सिलीची खूण करते. दुरुस्ती नंतर.

ना. सी. फडक्यांनी 1931 साली 'प्रतिभासाधन' लिहिलं, तेव्हापासून मराठीत कथेच्या तंत्राची चर्चा आहे. सुरुवात कशी पकडावी, गुंता कसा वाढवावा, शेवटी धक्का कसा द्यावा, हे त्या चर्चेने दोन पिढ्यांना शिकवलं. पुढे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे यांच्या पिढीने कथा घटनेकडून माणसाच्या मनाकडे वळवली, आणि जी. ए. कुलकर्णींनी तिला नियतीच्या प्रश्नापर्यंत नेलं. मला या सगळ्यांचा उपयोग झाला. पण तंत्राच्या पुस्तकात कितीही नियम असले, तरी त्यातला एकही नियम कथेत शिरण्याआधी सांगणाऱ्याच्या तोंडातून जावा लागतो. शेवटी धक्का द्यायचा, तर सांगणाऱ्यालाही तो तेव्हाच बसला पाहिजे. त्याला आधीपासून माहीत होतं आणि त्याने मुद्दाम दडवलं, असं वाटलं की वाचकाचा विश्वास उडतो.

एक गोष्ट मात्र एकट्याने बसून होत नाही. आपल्या कथेतला सांगणारा कुठे घसरला, हे दुसऱ्याच्या डोळ्यांना लवकर दिसतं. 'सत्यकथा'त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, कथा पुन्हा लिहायला लावत, आणि त्या पत्रांमधून कितीतरी कथाकार घडले. आज संपादकाच्या हाताशी वेळ कमी आहे, जाहिरातींची ओढाताण आहे, मानधनाची अडचण आहे. हे सगळं मी आतून बघते. तरीही, कथा परत करताना दोन ओळी लिहायला पाच मिनिटं लागतात. 'तिसऱ्या पानावर सांगणारा बदलला, तो का?' एवढंच विचारलं तरी नव्या लेखकाचं वर्षभराचं काम होतं. माझ्या सहकारी संपादकांना माझी विनंती आहे: ही दोन ओळींची रीत सोडू नका.

आणि नव्याने लिहिणाऱ्यांना एक काम देते. तुमची पूर्ण झालेली एखादी कथा घ्या. तिचं फक्त पहिलं पान दुसऱ्या माणसाकडून सांगवून घ्या: ज्याला त्या घरात कुणी विचारत नाही, त्याच्याकडून. घरकामाला येणाऱ्या मावशी असतील, धाकटी मुलगी असेल, दारात उभा राहिलेला कुरिअरवाला असेल. दोन्ही पानं मोठ्याने वाचा. दुसरं पान जास्त जिवंत वाटलं, तर जुनी कथा बाजूला ठेवा आणि नव्याने लिहा. पहिलंच बरोबर वाटलं, तर तुमचा सांगणारा तुम्हाला सापडला आहे. मग कथा पाकिटात घाला आणि पाठवा. आम्ही वाचतो.